गेमच्या दुकानातलं हळदीकुंकू

खोक्यावर एक चित्र होतं. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन लेकरं एकाच सोफ्यावर खेटून बसलेली, आणि सगळ्यांची तोंडं हसून उघडी. सुनेच्या हातात एक पांढरी दांडी, सासऱ्याच्या हातात दुसरी. नांदेडहून ते खोकं घेऊन आलेला विक्रेता मला म्हणाला, "मावशी, आता व्हिडिओ गेम एकट्या पोरांचा राहिला नाही. हे नवीन मशीन घरातल्या सगळ्यांसाठी आहे."

मी म्हटलं, "बाबा, आमच्या सेलूत सासरा आणि सून असे एका सोफ्यावर बसतेत, असं एक घर दाखव मला."

"ते नुसतं चित्र आहे हो."

"तेच म्हणायलेय मी. मशीन सगळ्यांचं असंल, पण सोफा सगळ्यांचा न्हाई."

तरी मी ते मशीन ठेवून घेतलं. का घेतलं आणि त्याच्यापायी काय काय झालं, तेच सांगायला बसलेय. दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, तुम्ही बोलता तसंच लिहा. मी सातवी शिकलेली बाई, मला दुसरं लिहिता कुठं येतं? शुद्धलेखन त्यांचं त्या बघतील.

सेलूत कापसाच्या मार्केटकडे रस्ता जातो, त्याच्या आतल्या गल्लीत आमचा गाळा आहे. आधी तिथं आमचे हे टीव्ही दुरुस्त करायचे. लोक टीव्ही आणून टाकायचे आणि कितीतरी जण परत न्यायलाच यायचे नाहीत. नवा घेतला की जुन्याची आठवण कोण काढतंय? गाळ्यात टीव्हीवर टीव्ही रचले गेले. एक दिवस मी म्हटलं, एवढे पडदे पडलेत तर त्यांच्यावर काहीतरी हलू द्या. भाच्याचा एक जुना गेम घरात होता, कॅसेट घालायचा. तो लावला, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं दारात उभी. धंदा असा सुरू झाला. मी तो शिकायला कुठं गेले नाही आणि मला शिकवायला कुणी आलं नाही.

लोकांना वाटतं ह्या धंद्यात काय आहे, बटण दाबलं की झालं. खरं काम असतं रिमोटचं. पोरं भजी खाऊन येतात, शेंगा खाऊन येतात, आणि तसेच हात घालतात. तेल-मसाला बटणाच्या फटीत जातो, बटण चिकटतं. अंगठ्याखालची दांडी झिजली की पडद्यावरचा माणूस आपला आपण डावीकडं चालायला लागतो. मग ओरडा सुरू, "आजी, ह्याला भूत लागलंय!" भूतबित काही नसतं. मी स्क्रू काढते, स्पिरिटच्या बोळ्यानं आतलं पुसते, झिजलेला भाग बदलते, आणि भूत जातं. दारात बादली आणि साबण ठेवलाय. हात धुतल्याशिवाय रिमोट नाही, मग तो कुणाचाही असो.

कुणाचाही म्हणजे खरंच कुणाचाही. कापूस घेऊन आलेले टेम्पोवाले मापाला उशीर असला की फुटबॉल खेळून जायचे. एक रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर यायचे, ते फक्त गाड्यांची शर्यत लावायचे. वळण आलं की ब्रेक. कुणाला ओव्हरटेक करायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, हिचा इंडिकेटर कुठंय?" दरवेळी शेवटचा नंबर यायचा आणि हे खूश. म्हणायचे, "पण गाडी घासली का कुठं?" शर्यत बनवणाऱ्याला वाटलं असेल की माणूस जिंकायला खेळतो. ह्या माणसाला मोकळा रस्ता आणि न घासलेली गाडी पाहिजे होती. त्यांच्यामुळं मला एक गोष्ट कळली. मशीन कुणासाठी आहे हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, ते खेळणाऱ्याच्या पोटातून कळतं.

पण बाया? एक पण नाही. त्या यायच्या उंबऱ्यापर्यंत, पोराचा कान धरायला. त्यात गयाबाई सगळ्यात पुढं. गावाच्या कडेला तिचं घर, दहा-बारा शेरडं, आणि आवाज असा की मार्केटपर्यंत जावा. ती आली की पोरं बाकाखाली लपायची.

त्या वर्षी मार्गशीर्षात जागेचे मालक उत्तमराव आले. माणूस वाईट नाही, मला वहिनी म्हणतात. पण चहा न घेताच बोलायला लागले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. तक्रार हाय. लेकरं बिघडायलीत म्हणतेत. गयाबाई तर माझ्या दारात येऊन वरडून गेली. पाडव्याला गाळा मोकळा करून द्या. एक मोबाईलवाला यायला तयार हाय."

"अन् मोबाईलवर पोरं काय हरिपाठ वाचतेत का भाऊजी?"

"तुमी बोलण्यात ऐकायच्या न्हाईत. पण तक्रार हाय ती हाय."

"बायांची हाय ना? त्याच बाया इथं येऊन खेळल्या तर?"

उत्तमराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "गयाबाई? अन् गेम? त्या बाईनं एक डाव खेळावा वहिनी, मी गाळ्याचं नाव काढणार न्हाई."

"हे साक्षीला हायेत," मी म्हटलं.

आमचे हे कोपऱ्यात सोल्डरिंगच्या धुरात डोकं घालून बसले होते. तिथूनच म्हणाले, "मला कामून मधी घेतीस?"

आणि त्याच आठवड्यात ते नांदेडचं खोकं आलं. आता कळलं ना, मी ते कामून ठेवून घेतलं?

ह्या मशीनसाठी एक नवा चपटा टीव्ही पण घेतला. मशीनला बटणं थोडी. दांडी हातात धरून हात हलवला की पडद्यावर चेंडू जातो. मला वाटलं, हे तर सोपं आहे, बाया आपसूक येतील. मी पाण्याच्या टाकीवर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, या की खेळायला. सगळ्यांनी मला खुळ्यात काढलं. "ह्या वयात? पोरांच्या रांगेत?" मग मी माझ्याच दुकानात बाई होऊन बघितलं. बाक दारासमोर, रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. हात वर करून दांडी फिरवायची तर पदर सांभाळायचा कसा? आणि बसायचं कुणाशेजारी? मशीनमध्ये काही खोट नव्हती, खोट बाकात होती. बाक बाहेर काढला, सतरंजी टाकली, दाराला जाड पडदा लावला आणि पाटी लिहिली: दोन ते चार फक्त बायकांसाठी. त्या वेळेला स्वयंपाक झालेला असतो, पोरं शाळेत असतात.

तरी बोलावणं लागतंच. आणि सेलूत बाईला नाकारता येत नाही असं एकच बोलावणं मला ठाऊक आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू.

घरोघर जाऊन सांगितलं, यावेळी हळदीकुंकू दुकानात. शेजारीण म्हणाली, "देवाधर्माचं काय हाय तिथं?" मी म्हटलं, "दसऱ्याला मी रिमोटला झेंडू वाहते, आणखी काय पाहिजे?" ज्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही त्या बायांनाही सांगितलं, तिळगूळ घ्यायला तरी याच. त्यावरून दोघीजणी नाक मुरडून घरी राहिल्या. राहू द्या. माझा गाळा, माझं बोलावणं.

वाण म्हणून मी वाट्या लुटल्या नाहीत, चमचे लुटले नाहीत. प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी दिली: अर्धा तास खेळ, इथंच आणि आत्ताच. आता वाण परत करायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक. बाया चिठ्ठी हातात धरून एकमेकींकडं बघायल्या. गयाबाई दाराशीच बसली होती, चटकन उठून जाता यावं म्हणून. सोबत तिची सून कविता.

"गयाबाई, तुमीच मोठ्या. पहिला मान तुमचा."

मानाला नाही म्हणता येईना. ती उठली. मी खेळ लावला, लांब बोळीच्या टोकाला दहा खुंट्या उभ्या, चेंडू टाकून पाडायच्या. विक्रेत्यानं बजावलं होतं, दांडीची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळू देऊ नका. पण संक्रांतीचा नवा चुडा मनगटभर, दोरी जाईना. मी म्हटलं, राहू द्या. आणि वर म्हटलं, "हातात गोटा हाय समजा, अन् फेका."

"फेकू?"

"फेका की!"

तिनं पदर खोचला, एक पाय मागं घेतला, हात डोक्यावरून एकदा गरकन फिरवला, आणि फेकली. दांडी. नव्या टीव्हीच्या बरोबर मधोमध.

काच तडकल्याचा आवाज आला आणि पडदा काळा झाला. गयाबाईनं फुटलेल्या पडद्याकडं बघितलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं, आणि दाराचा पडदा सारून निघून गेली. चपला दारातच राहिल्या. मागून कविता पळाली.

आमचे हे आले, टीव्हीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नेम चांगला हाय बाईचा."

दुसऱ्या दिवशी मी चपला घेऊन तिच्या घरी गेले. ती शेरडांना पाला टाकत होती. माझ्याकडं बघेना.

"ठेवा तिथं," म्हणाली. "तुमचं दुकान बंद व्हावं म्हणून मीच वरडत होते. देवानं माझ्याच हातानं करून घेतलं. आता काय बोलायचं ते बोला."

"देवाला टीव्ही फोडायला कुठं सवड हाय गयाबाई? चूक माझी हाय. फेका म्हणले मी, अन् दोरी बांधली न्हाई."

ती शेरडाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माहेरी मी ज्वारीच्या माळ्यावर उभी राहून गोफण मारायची. पाखरू बसलेलं ज्वारीचं ताट सोडून शेजारच्या ताटाला दगड लावायची, म्हणजे पाखरू उडंल अन् कणीस मोडायचं न्हाई. लग्न झालं अन् सुटलं ते. बाई, इतक्या वर्षांनी मला कुणीतरी फेक म्हणलं. हात थांबलाच न्हाई बघा."

मी खाली बसले. गोफणीचं सगळं तिला विचारलं. तिनं दोरीचा तुकडा घेऊन दाखवलं. गोफणीच्या एका टोकाला फास असतो, तो बोटात राहतो. दुसरं टोक चिमटीत, ते नेमक्या वेळेला सोडायचं. ते सोडण्यातच सगळी कला. आता सांगा, जिला आयुष्यभर सोडणं हीच कला शिकवलीय, तिच्या हातात न सोडायची वस्तू द्यायची आणि फेका म्हणायचं? दूर कुठल्या देशात बसून ज्यांनी हे मशीन बनवलं, त्यांनी सगळ्या घरादाराचा विचार केला असेल, पण गोफणीचा केला नाही. तो विचार करायचं काम माझं होतं, आणि मीही केला नव्हता.

"मग ती मनगटाची दोरी म्हंजी गोफणीचा फास," गयाबाई म्हणाली. "अन् दुसरं टोकच न्हाई. असं सांगायचं ना आधी!"

गाळ्यात ह्यांनी एक जुना डब्बा टीव्ही खाली काढला, जाड काचेचा, कुणीतरी टाकून गेलेला. नवं मशीन त्याला जुळेना, तर मधे जोडायची डबी कुठून तरी मागवून चार दिवसांत जुळवलं. चित्र जरा पुसट यायचं. मी म्हटलं, "दिसंल ना बायांना?" हे म्हणाले, "दिसायचं मला ठाऊक न्हाई. पण दगड मारला तरी फुटायचा न्हाई."

पाचव्या दिवशी दोन वाजता गयाबाई आली. कवितानं तिचा चुडा कोपराकडं सारला, जुन्या धडप्याची चिंधी गुंडाळली आणि त्यावर दोरी घट्ट केली. पहिल्या फेकीत आठ खुंट्या. दुसऱ्या फेकीत उरलेल्या दोन. तिनं वळून सतरंजीवरच्या बायांकडं असं बघितलं, की पुढच्या आठवड्यात माझ्या सतरंजीवर जागा उरली नाही.

सगळ्या काही खेळायला येत नव्हत्या, हे पण सांगते. एक म्हातारी नुसती बघायला यायची, खुंट्या पडल्या की पोटावर हात ठेवून हसायची. सकाळच्या शाळेची एक शिक्षिका फक्त मुष्टियुद्ध खेळायची आणि जाताना पदर नीट करून पुन्हा मास्तरीण व्हायची. कुणाला मारायची मनात ते आम्ही कधी विचारलं नाही. मोठे लोक मोठ्या गप्पा मारतात, अमकं मशीन तरुणांचं, तमकं घरगुती. माझ्याकडं येऊन सतरंजीवर बसा म्हणावं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. जिनिंगच्या कारखान्यातल्या बाया. डोक्यावर कापसाची फुलं घेऊन माझ्या दारावरून जायच्या, पाटी वाचायच्या, हसायच्या. दोन ते चार त्या कामावर. सुटल्या की घरची चूल. त्यांच्यासाठी मी कुठलीही वेळ ठेवली तरी ती त्यांची वेळ नव्हती. ज्या बाईला दिवसात अर्धा तास स्वतःचा नाही, तिच्यासाठी अजून कुणी मशीन काढलेलं नाही, आणि माझ्यानंही तिथवर पोचणं झालं नाही.

होता होता पाडवा आठ दिवसांवर आला. त्या दुपारी गयाबाई आणि कविता समोरासमोर खेळत होत्या. कविता हरली. पुन्हा हरली. तिसऱ्या डावात तिचा चेंडू कडेनं घरंगळत गेला आणि ती म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाई होत आत्याबाई, तुमीच जिंकल्या."

गयाबाईनं दांडी खाली केली. "कविता, मी पाखरं राखलीत. चुकलेला नेम अन् चुकवलेला नेम, दोन्ही मला कळतेत. तू मुद्दाम चुकवायलीस."

कविता लालेलाल. मागून कुणीतरी म्हणालं, "सून हाय गयाबाई, सासूला हरवंल का?" मला तेव्हा माझा दुसरा घोटाळा कळला. मी हौसेनं सासू-सुनांच्याच जोड्या लावत होते. इतके दिवस माझ्या सतरंजीवर एकही सून जिंकली नव्हती, आणि माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खोक्यावरच्या सोफ्याला मी हसले होते, आणि सतरंजी टाकून मी तरी काय वेगळं केलं होतं?

"माझ्याकडं बघू नकोस," गयाबाई म्हणाली. "खुंट्याकडं बघ. अन् टाक."

कवितानं टाकला. दहाच्या दहा आडव्या. पुन्हा टाकला, पुन्हा दहा. सगळ्या गयाबाईच्या तोंडाकडं बघायल्या.

"आगं माय!" गयाबाई म्हणाली. "घरात हा हात घेऊन हिंडायलीस अन् मला पत्ता न्हाई?" मग बायांनी जो गलका केला, तो मी आजवर माझ्या दुकानात ऐकला नव्हता.

त्याच गलक्यात बाहेरून हाक आली. "वहिनी! आत येऊ का?"

उत्तमराव होते, सोबत मोबाईलवाला, गाळ्याचं माप घ्यायला. पण बायांची वेळ, पडदा ओढलेला, पुरुष माणूस आत येणार कसा? दोघं पायरीखाली उन्हात उभे. मी पडदा सारणार तोवर गयाबाईच पुढं गेली, हाताला दांडी तशीच बांधलेली.

उत्तमराव त्या दांडीकडं बोट करून म्हणाले, "गयाबाई, तुमीच तर तक्रार केली होती. पोरं बिघडायलीत म्हणून. अन् आता बाया पण? हे तर जास्तच झालं."

खेळून दाखवा म्हणाले होते, खेळून दाखवलं, आणि आता खेळणं हीच तक्रार!

गयाबाई म्हणाली, "तक्रार माझी हाय. अजून हाय. मी काई मागं घेतलेली न्हाई."

मला वाटलं, आता दुकान गेलंच.

"शाळेच्या टायमाला एक जरी लेकरू इथं दिसलं, तर ह्या दुकानाला कुलूप लागंल," ती म्हणाली. "पण ते मी लावीन. तुमी न्हाई. सुमनबाई, दुसरी किल्ली कुठंय?"

मी खिळ्यावरची जादा किल्ली काढली आणि उत्तमरावांच्या डोळ्यांदेखत तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कमरेच्या चंचीत टाकली, पानतंबाखूशेजारी, आणि चंचीची दोरी आवळली. मग आत जाता जाता म्हणाली, "माप घ्यायचं असंल तर चारला या. आत्ता माझा डाव राहिलाय."

आमच्या ह्यांचा आवाज बाहेरच्या ओट्यावरून आला. बायांच्या वेळेला त्यांनाही आत बसायची परवानगी नव्हती. "या उत्तमराव, सावलीत बसा. मी पण इथंच असतो दोन तास."

त्या पाडव्याला गाळा मोकळा झाला नाही. आता शाळेच्या वेळेत दुकान उघडं दिसलं की गयाबाई येते, पडदा सारून आतलं डोकं न् डोकं बघते, आणि एखादं पोरगं सापडलंच तर त्याच्याबरोबर मलाही चार शब्द सुनावते. मी ऐकून घेते. उत्तमराव वर्षातून एकदा विचारतात, वहिनी, गाळ्याचं काय करायचं? मी सांगते, भाऊजी, करा की मोकळा. फक्त आधी गयाबाईच्या चंचीतली किल्ली मागून आणा.